अमेरिकन बाईची पेटी

शॅनन, रविवार संध्याकाळ

आईने आज त्या जुन्या पेटीत मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवली. मी कॉफी टेबल म्हणून आणलेली पेटी. विकणारा म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वी एक अमेरिकन बाई बोटीने युरोप बघायला आली, पेटी इथल्या हॉटेलात ठेवून पुढे गेली, न्यायला आलीच नाही.

"परक्या बाईची ओटी कशाला भरलीस?"

"माहेरी पोचली की नाही, कोणाला ठाऊक," आई म्हणाली.

काहीतरीच. पण ते तांदूळ काढायला हात धजेना. का?

मग आईचं सामान भरायला कपाटावरची माझी बॅग काढली, पुण्याहून येताना आणलेली. तिच्यातही आईने ठेवलेले मूठभर ताजे तांदूळ, सुपारी.

शनिवारी पुण्याला परत जाणार आई. मग ओटी माझी का?