दिवाणखान्यातली नवी मांजर

घिझलान सूनबाई,

मी हम्मामला अंघोळीला जाते आहे, दुपारी येईन. मी बहिणीकडे फेझला गेले, तेव्हा तू माझ्या म्हाताऱ्या मांजरीला पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून आलीस. काल मी नवी आणली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घराची सवय होईपर्यंत तिला एका शांत, बंद खोलीत ठेवा. आपल्या घरात सगळ्यात शांत तुझा दिवाणखाना, पाहुण्यांशिवाय तिथे तू कोणाला बसू देतेस? मखमली गाद्या तिला फार आवडल्या, नखं तिथेच घासते. डोळ्यांत थेंब तूच घाल. जंताच्या औषधाने तिला जुलाब होतील, तेही तूच पूस. शुक्रवारी तुझी आई कुसकुस खायला येईल ना, तिला स्वयंपाकघरात बसव, मला बसवतेस तशी.

तुझी सासू, लल्ला झहूर