भेटायचं ते वाशिमला

आई, आज दवाखान्यात एक बाई आली आणि आल्याआल्या माझ्यावर खेकसली, "तुमच्या वाशिमच्या वरणाले मीठच नाही व डॉक्टरीणबाई!" मला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठून मी तिचा हातच धरला. हे तुला सांगावंसं वाटलं, म्हणून बसले लिहायला.

तुला ठाऊक नाही, पण मी डॉक्टर झाले. आपल्या मेडशीजवळच्याच एका आरोग्य केंद्रात आहे. आम्हाला झेपत नाही ते दुखणं वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तुलाही असंच पाठवलं होतं. डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, "आत्ताच्या आत्ता वाशिमले न्या." पण आपल्याकडे वाशिमला न्या म्हटलं की लोक समजतात, डॉक्टरनं हात टेकले. मग आधी घर, मग सोयरे. तुला घरी आणून भिंतीला टेकवून बसवलं. जऊळक्याहून मावशी येईपर्यंत जीप दारात उभी. तुझ्या कपाळावर घाम, आणि तू मला म्हणतेस, "पोट्टे, पाहुण्यायले चहा ठेव." मी स्टोव्हला पंप मारते आहे. येणारा जो तो तुझ्या पायाशी बसून रडतो आहे, आणि तूच त्यांची समजूत काढते आहेस. कोणाच्या मनात खोट नव्हती गं. मायेपोटीच थांबवलं तुला सगळ्यांनी. जीप मालेगावच्या थोडी पुढे गेली आणि मावशीच्या मांडीवर तू गेलीस. फार वर्षं मला त्या मायेचाच राग होता.

सध्या आमच्या भागात एक अभ्यास चालू आहे. छोट्या दवाखान्यांतून पुढे पाठवलेल्या माणसांचं होतं काय? पोचतात का, वेळेवर पोचतात का, बरी होतात का, आणि परत आल्यावर त्यांच्याकडे कोण पाहतं? मी हौसेनं त्यात शिरले. अभ्यास करणाऱ्या मंडळींना वाटत होतं, गाडी मिळत नसेल. अगं, गाडी तर दारात उभी असायची! उशीर काहून झाला म्हणून विचारलं की कितीतरी घरांत तेच उत्तर, "आधी घरी नेलं जी. सगळ्यायले भेटू द्या म्हनलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या घराच्या अंगणातच मला रडू फुटलं. नंतर डोकं शांत झाल्यावर वाटलं, भेटू नका म्हणून सांगितलं तर ऐकणार कोण? त्यापेक्षा भेटीची जागाच बदलू.

आजची ही वरणवाली बाई मागच्या महिन्यात पहिल्यांदा आली ती छाती दाबूनच. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, साधारण तेवढीच. ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, गाडी बोलावली. वाशिमचं नाव काढताच सासूनं गळा काढला. मुलगा फोनवर सांगतो, "मामा, लवकर घरी या. मायचं तोंड पाहून घ्या." माझं टाळकंच सरकलं. त्याच्या हातातला फोन घेतला आणि म्हटलं, "मामा, घरी कायले येता? सरळ वाशिमले या, दवाखान्यात. अन् रडत येऊ नका. मी तिले बरी व्हायले पाठवून राह्यली." मग सासूला सांगितलं, परत आली की तपासायला माझ्याकडेच आणायचं, मी वाट पाहीन. म्हातारी पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे, वापस येते का व हे?" म्हटलं, "येते." गाडी सरळ वाशिमच्या रस्त्याला लागली.

सगळेच वाचतात असं नाही, आई. अभ्यास अजून पुरा व्हायचा आहे, त्यातून काय निघेल ते निघेल. पण आता आजूबाजूच्या केंद्रांतल्या सिस्टरही नातेवाइकांना सांगायला लागल्या आहेत, भेटायचं ते वाशिमले भेटा. आणि लोक ऐकतात. रागावण्यात मी उगाच इतकी वर्षं घालवली असं वाटतं.

हे टपालात जायचं नाही, मला कळतं. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी वाशिमहून फोन आला, पेशंट वेळेवर पोचली म्हणून. फोन ठेवला आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "आई पोचली."

सिस्टरनं विचारलं, "कोणाची, मॅडम?"