तारवाची गाडी कोणत्या वाटेने न्यावी

परमेश्वर ऐकतो आहे हे ध्यानात ठेवून मी, अँब्रोज थ्वेट, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार नदीकाठचा लाकूडवाडा, मुक्काम ऑल्डर्सविक, असे जाहीर करतो की, अंगाने खंगलो असलो तरी मी डोक्याने ठणठणीत आहे आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना ही व्यवस्था लिहवून घेत आहे. लिहून घेणारे आमचे पाद्रीबाबा लँग्टन. मी बोलेन ते सगळं लिहायचं, मधलं काही गाळायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्यांनी मान डोलावली आहे.

कलम पहिले, आत्म्याचे. माझा आत्मा मी निर्मात्याच्या, पवित्र मरियामातेच्या आणि स्वर्गातल्या सर्व संतांच्या... पाद्रीबाबा थांबले. म्हणतात, "थ्वेट, आता मरियामाता आणि संत घालत नाहीत." खरंच की. माझ्या आजोबांच्या मृत्युपत्रात संतांची रांग उभी होती. वडिलांच्या वेळी राजाने धर्म बदलला आणि ते काढायला लावले. थोरल्या राणीसाहेबांनी परत बोलावले, म्हणून माझ्या भावाच्या कागदात ते आहेत. धाकट्या राणीसाहेबांनी पुन्हा बाहेर घातले. बरं तर, नुसता देवाच्या हवाली करतो असं लिहा. त्याच्या घरात आणखी कोण कोण आहे ते वर गेल्यावर कळेलच.

कलम दुसरे. राहतं घर, परसातली सफरचंदाची झाडं आणि माझी बायको सिसिली हिची तांब्याची मोठी कढई मुलगी एलिनॉरला. त्या कढईत सिसिली सणाच्या आदल्या दिवशी खेळ करणाऱ्या अख्ख्या मंडळीसाठी वाटाण्याचं सूप रटरटत ठेवायची. तिला जाऊन खूप वर्षं झाली, पण जून आला की अजून मला तो वास येतो.

करवती, रंधे, तासण्या, डांबराची भांडी, सगळं जावई राल्फला. त्याला लाकडाची नस कळत नाही. पण माझ्या लेकीला हसवतो, आणि ते मला लाकडापेक्षा मोठं वाटतं.

शेजारी हॉबसनला माझी शिडी. ती कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहे. मी गेल्यावर बिचाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटायला नको.

कलम तिसरे, तारवाच्या गाडीचे. हे नीट लिहा, पाद्रीबाबा. याच्यासाठीच तुम्हाला बोलावलंय.

कॉर्पस क्रिस्तीच्या, म्हणजे ख्रिस्तदेहाच्या सणाला या गावात प्रत्येक धंद्याच्या संघाकडे बायबलातला एकेक खेळ असायचा. खिळेवाल्यांकडे क्रूस, पाववाल्यांकडे शेवटचं भोजन, आणि आम्हा होडीवाल्यांकडे जलप्रलय. गाडीवरच तारू, म्हणजे प्रलयातलं मोठं जहाज, बांधलेलं. पहाटे लाकूडवाड्यातून निघायचं, मासळी बाजारात थांबायचं, मग चांभारगल्ली, मग मोठी विहीर, आणि शेवट उत्तर वेशीपाशी. प्रत्येक ठिकाणी तोच खेळ पहिल्यापासून. देवाच्या सांगण्यावरून तारू बांधणारा नोहा मी. नोहाची बायको दोर वळणारा कथबर्ट पिकरिंग.

काय दिवस होते! मी ओरडायचो, "अगं, पाणी आलं, चढ तारवात!" आणि कथबर्ट झगा सावरत खालून म्हणायचा, "आलं तर येऊ दे! माझे पाव भट्टीत आहेत. तुझ्या देवाला म्हणावं, जरा दम धर!" बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मग मी त्याला ओढायचो आणि तो माझ्या कानाखाली अशी काढायचा की चांभारगल्लीत एकदा माझा दात हलला. मी विचारलं, "लेका, खरी कशाला मारतोस?" तर म्हणाला, "लोक पहाटेपासून उभे आहेत रे. त्यांना खोटी कशी देऊ?"

सात वर्षांपूर्वी बिशपसाहेबांचा हुकूम आला. देवाची सोंगं बंद. वेष आणि गाड्या नगरभवनापुढे आणून जाळायच्या. मी आमच्या गाडीची चाकं काढली, वर गवत रचलं, आत कोंबड्या सोडल्या आणि हे खुराडं आहे असं सांगितलं. कथबर्टने मात्र नोहाच्या बायकोचा झगा आणि शिरोभूषण स्वतःच्या हाताने नेऊन दिलं. मी त्याला भर बाजारात यहूदा म्हणालो, ख्रिस्ताला पकडून देणारा दगाबाज. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

आता माझी नात थॉमसिन सहा वर्षांची झाली. ती त्या गाडीला खुराडंच म्हणते. तारू, नोहा, काहीच तिने पाहिलेलं नाही, तिच्या वयाच्या कुणीच नाही. आम्ही चारदोन म्हातारे गेलो की या गावात तो खेळ कधी होता हे सांगायलाही कोणी उरणार नाही. याचा मला मरणापेक्षा जास्त त्रास होतो.

म्हणून माझी आज्ञा अशी की, गाडीला चाकं लावून माझं प्रेत तिच्यावर ठेवावं आणि जुन्या वाटेने, जुन्या सगळ्या थांब्यांवर थांबत, दफनभूमीत न्यावं. पाद्रीबाबा म्हणतात हे लिहिता येणार नाही. का नाही? सोंग नाही, वेष नाही. मयत कोणत्या रस्त्याने न्यायचं हे बिशपसाहेबांच्या हुकमात कुठे आहे? आणि प्रत्येक थांब्यावर कथबर्ट पिकरिंगने, त्याची तयारी असेल तर, खाली उभं राहून मला मनसोक्त शिव्या घालाव्यात. मयताला शिव्या घालू नयेत असाही हुकूम नाही. तो नाही म्हणाला तर गाडी तशीच जावी. पण मग पोरांना काय कळणार, एक म्हातारा मेला एवढंच.

इथे एलिनॉर आत आली. मी तिला दुसरा साक्षीदार आणायला पाठवलं होतं, राल्फच्या काकाला. ती कथबर्टला घेऊन आली. मी म्हणालो, "हे कोण?"

"साक्षीदार आहे, बाबा. तुम्हाला शुद्धीतला माणूस हवा होता, राल्फचा काका सकाळपासून पिऊन पडलाय."

कथबर्ट दाराशीच उभा राहिला. पाद्रीबाबांनी कायद्याप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. झग्याचा मजकूर आला तेव्हा तो म्हणाला, "तो माझ्या आईच्या लग्नाचा झगा होता, अँब्रोज. त्यांनी खुंटीवरून ओढून चिखलातून फरफटत नेला असता. म्हणून मीच घडी घालून नेला. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली हेही लिहा. यहूदा हा शब्द मी परत घेतो, आणि बाजारात उच्चारला होता म्हणून तोही बाजारातच परत घेईन.

पुढचं ऐकून मात्र कथबर्ट भडकला. "मेलेल्याला शिव्या घालू? आणि उत्तर कोण देणार, तुझं थडगं? येड्या, ते बोलणं दोघांचं आहे! मी म्हणणार पाव भट्टीत आहेत, आणि तू वर गप्प पडून राहणार. गाव हसेल कशाला, रडेल!"

"मग काय करू? मला उभं राहवत नाही."

"उभा कशाला राहतोस? तुझी लेक राहते कुठे?"

एलिनॉर म्हणाली, "उत्तर वेशीपाशी. मी केव्हापासून म्हणते आहे, बाबा, शेवटचे दिवस आमच्याकडे काढा. तुम्ही ऐकत नाही."

कथबर्ट पाद्रीबाबांकडे वळला. "आजारी माणूस लेकीकडे राहायला निघाला आणि गाडीत गादी टाकून गेला, तर बिशपसाहेबांची हरकत आहे?"

पाद्रीबाबांनी लेखणी शाईत बुडवून घेतली. मग म्हणाले, "नाही. आणि वाटेत त्याच्या जुन्या मित्राने भांडण काढलं, तर ते मिटवायला मला बरोबर चालावं लागेल."

सबब कलम तिसरे रद्द समजावे. त्याऐवजी असे की, मी येत्या गुरुवारी, जिवंत असताना, वरील गाडीतून, वरील वाटेने लेकीच्या घरी जाईन. थॉमसिन माझ्या शेजारी बसेल. कोंबड्या उद्या राल्फने हलवाव्यात. मेल्यावर मला कोणत्याही रस्त्याने न्या, माझं काही म्हणणं नाही.

या व्यवस्थेची अंमलबजावणी एलिनॉरने करावी. वर लिहिलेलं वाचून दाखवलं, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

अँब्रोज थ्वेट, सही अंथरुणावरून केल्याने वाकडी
मुक्काम ऑल्डर्सविक, जूनची दुसरी तारीख, इसवी सन १५८३

साक्षीदार पहिला: रॉबर्ट लँग्टन, पाद्री.

साक्षीदार दुसरा: कथबर्ट पिकरिंग, दोर वळणारा. सही करून लगेच न्हाव्याकडे गेला. सात वर्षांची दाढी आहे, आणि तो म्हणतो, नोहाच्या बायकोला ती शोभायची नाही.