ढोलीखालची ओवी

सावली,
कार्तिक वद्य पंचमी, १९८४

पोंभुर्णे मुक्कामी वडीलधारे मुखरूभाऊ यांस देवाजी मास्तरचा वाकून नमस्कार.

मुखरूभाऊ, तुम्हाला पत्र लिहायला बसलो की पहिल्यांदा तुमचा आवाज कानात येतो, चेहरा मागाहून. आमच्या लग्नात अंतरपाटाच्या पलीकडे तुमची बहीण शकू उभी होती, अलीकडे मी घाम पुसत उभा होतो, आणि तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून असं काही ‘सावधान’ म्हणालात की वऱ्हाडाच्या छकड्यांचे बैल दावी तोडून पळाले. एक जोडी नदीच्या थडीला सापडली. दुसरी थेट आपल्या गावी जाऊन गोठ्यात उभी राहिली होती (माझ्या आईला त्यापायी चालत परतावं लागलं, आणि ती गोष्ट तिनं शकूला मरेपर्यंत ऐकवली). इतकी वर्षं झाली, पण अजून कुठं बैल बिथरला की मला माझं लग्न आठवतं.

तुमची प्रकृती उत्तम असेलच. घसा कसा आहे? वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमच्याकडे धानावर तुडतुडे पडले असं ऐकलं. आमचं हलकं धान घरात आलं, भारी धान अजून बांधीत उभं आहे. आमची लेक चंदा गडचिरोलीला सुखात आहे. तिचा जिल्हा वेगळा झाल्यापासून ती आम्हाला परमुलखातली माणसं समजते आणि पत्रात ‘तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाऊस कसा आहे’ असं विचारते. मी वाचून हसतो, शकू हसत नाही.

आता इकडची हकीकत अशी की आम्ही मांजर आणलं. धान आलं म्हणजे उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणजे तुमच्या बहिणीचं बोलणं आलं. शेजारच्या बायनाबाईच्या मांजरीला पिल्लं होती, त्यातलं एक उचलून आणावं एवढंच शकूचं म्हणणं होतं. पण मी पेन्शनच्या कामासाठी मूलला गेलो होतो आणि तिथं गुरांच्या डॉक्टरांच्या घरी डोकावलो. त्यांची बायको वच्छला माझी जुनी विद्यार्थिनी (सकाळच्या प्रार्थनेनंतर कविता म्हणताना तिचा आवाज साऱ्या वर्गाच्या वर एक बोट असायचा). मागच्या पडवीत ती लोकांनी टाकून दिलेली मांजरं-कुत्री सांभाळते आणि बरं घर दिसलं की देऊन टाकते. मी गेलो तशी सगळी मांजरं पायाशी आली. एक राखी रंगाची तेवढी पोत्यामागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. भाऊ, असं एक मूल दरवर्षी वर्गात असायचंच. शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड. त्याच्या तोंडून कवितेची एक ओळ निघाली की माझं वर्ष सार्थकी लागायचं. मी म्हटलं, ही द्या.

वच्छला म्हणाली, ‘‘गुरुजी, हे लय भेदरट आहे. राइस मिलच्या यंत्राखाली जन्मलं. मिल बंद पडली, माणसं गेली, हे एकटंच राह्यलं.’’ मग तिनं मलाच धडा दिला. मांजरीला सुरवातीला एकाच खोलीत ठेवायचं. डोळे लावून पाहायचं नाही. ओढून काढायचं नाही. खाणं त्याच जागी, त्याच वेळी. आपल्या अंगावरचं जुनं कापड जवळ टाकायचं म्हणजे वास ओळखीचा होतो. बाकी सगळं तिच्या मर्जीवर. मी सगळं ऐकून घेतलं आणि कोंबड्या झाकायच्या डालीत मांजर घालून वरून धोतर बांधलं.

एसटीत माझ्या मांडीवर डाल, शेजारी तेलाचे डबे, पुढं एक नवरदेव आणि त्याचा बँड. गाडी अशी खिळखिळी की एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मांजरीचा मात्र श्वाससुद्धा ऐकू येईना. मला वाटलं गुदमरली. धोतराची गाठ सोडून पाहिलं तर बाईसाहेब पाय वर करून झोपलेल्या, आणि पोट घुर्रघुर्र करत होतं. घरी पोचलो. घर शांत, संध्याकाळची वेळ, तुळशीपुढं दिवा. मी डाल उघडली मात्र, ती बाणासारखी सुटली आणि आतल्या खोलीत धानाची मोठी ढोली आहे ना (तुमच्याच गावच्या बुरडानं विणलेली, शकू दर दिवाळीला शेणामातीनं सारवते ती), तिच्याखाली गडप झाली. ढोली दगडांवर ठेवलेली आहे, खाली वीतभर जागा. तिथं दोन डोळे. पुढं डोळेही मिटले.

मी तिचं नाव ओवी ठेवलं. तुमची बहीण म्हणाली, ‘‘मांजरीचं नाव ओवी, तं उंदराचं अभंग ठेवा.’’

मग मी घर तिच्यासाठी तयार केलं. भेदरलेल्या जीवाला पहिल्यांदा शांतता पाहिजे, हे मास्तरला कोणी सांगावं लागत नाही. दाराची कडी काढून तिथं सुतळी बांधली. विहिरीच्या बादलीच्या कडीला चिंध्या गुंडाळल्या. रेडिओ माळ्यावर ठेवला. उखळात कांडणं बंद केलं. सगळं बायनाबाईच्या घरी न्यायचं. फोडणी घालायची तर आधी मला सांगायचं, म्हणजे मी आतलं दार लावून घेईन. शकूला खाकरायचं असलं तरी अंगणात पाठवायचो. ती गेली, पण जे बोलायचं ते अंगणातूनच बोलली.

आणि रोज दुपारी मी ढोलीपुढं पाट टाकून, तिच्याकडं पाठ करून, हलक्या आवाजात चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणत असे. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल तिच्यासाठी अंथरली होती (गावात थंडीला ती पांघरून मिरवायची राहूनच गेली). मुखरूभाऊ, तुम्हाला हसू येईल. शाळेत मी एक ओळ म्हणायचो आणि सगळी पोरं एका सुरात ती परत द्यायची. कौलं हलायची. शाळा सुटल्यापासून मी ओळ म्हणतो आणि सवयीनं थांबतो. परत कोणी देत नाही. शकूपुढं म्हणावी तर ती म्हणते, मीठ संपलं. म्हणून ढोलीखाली का होईना, कोणी ऐकणारं आहे एवढ्यानं बरं वाटायचं. तिच्यासाठी मी स्वतःसुद्धा एक रचली:

ये गं ये गं ओवी बाई, दुधावरची साय,
ढोलीखाली अंधारात ठेवलंय तुझं काय?

इथं थांबायचो. काहीही होत नसे.

एके दिवशी मात्र कडेनं शेपटीचा शेंडा दिसला. राखी, मऊ, अगदी हाताशी. वच्छलानं ओढायचं नाही म्हटलं होतं, पण कुरवाळायचं नाही असं म्हटलं नव्हतं. मी मान न वळवता मागं हात नेला आणि हळूच कुरवाळलं. हाताला लागलं तसं जरा घट्ट धरलं. आता तुम्हाला माहीत आहे, ढोलीच्या तळाशी धान काढायचं भोक असतं आणि त्यात चिंधीचा बोळा असतो. शकूनं यंदा तो माझ्या जुन्या राखी बंडीचा केला होता. बोळा निघाला. धान असं धो धो आलं की मी पाटासकट मागं ढकललो गेलो, दुधाची वाटी बुडाली, शाल बुडाली, आणि चष्मा पुसून पाहतो तो ओवी बाहेर येऊन त्या पडत्या धारेपुढं कान टवकारून बसलेली! पहिल्यांदा सबंध दिसली. मी आनंदानं पण मऊ आवाजात ‘‘ये गं’’ म्हटलं आणि घाईनं बोळा बसवला. धार थांबली, खोलीत शांत झालं, तशी ती परत खाली. धान भरता भरता माझी कंबर धरली.

त्याच्या उलट प्रकार लगेच झाला. तुमची बहीण सुपात धान घ्यायला खाली वाकली आणि बोळा म्हणून जे ओढलं ती खरोखरच शेपटी होती. ओवी शकूच्या खांद्यावरून, फळीवरून, लोणच्याच्या बरणीवरून पुन्हा ढोलीखाली. बरणी गेली. शकूच्या मानेवर ओरखडे. त्या दिवशी तिनं निकाल दिला, आणि आमच्या घरचे निकाल तुम्हाला माहीत आहेतच: ‘‘मंडईले घरात पावने भरतीन. तोवर हे बाहीर निंगून माणसात नाई आलं, तं वापस मूलले. मले उंदीर धरणारं पाह्यजे होतं, कविता आयकणारं नाई.’’ आता मंडईची जत्रा तोंडावर आली. नाटकाचा पुकारा करत लाउडस्पीकरची रिक्षा काल गल्लीतून गेली, कर्कश म्हणजे किती, तेव्हा मी धावत जाऊन तिला पुढं हाकललं. परत येतो तो ओवीचा एक कान आणि अर्धं तोंड बाहेर होतं. मी समजलो, दुपारच्या कवितेचा परिणाम. या मुलांना उशिरा कळतं, पण पक्कं कळतं.

गावाचं काय सांगावं. घरात कांडण नाही, रेडिओ नाही, बोलणं कुजबुजत, हे पाहून बायनाबाई परवा पदर डोक्यावर घेऊन आली आणि ओसरीवर बसून हळूच पुसती झाली, ‘‘कोन गेलं वं, शकुबाई?’’ शकूनं माझ्याकडं बोट दाखवून म्हटलं, ‘‘यायची अक्कल गेली.’’ तरी बायनाबाई जाताना माझ्याकडं अशी पाहून गेली की मी पुढं अंगणात जरा जास्तच फिरून दाखवलं. ती त्याच दिवशी लेकीकडं गेली, म्हणून कांडण सध्या तसंच पडून आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

आपला,
देवाजी

ता. क. – एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. मंडईला दरवर्षी तुम्ही आमच्याकडं उतरता, आमच्या अंगणात तालीम करता, आणि राक्षसाचं हसू बसवताना ओसरीचं एखादं कौल खाली येतं. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, कौलं मिळतात. पण यंदा तुम्ही नाटक मंडळींसोबत शाळेत उतरलात तर कसं? जेवायला अवश्य या. जेवताना मात्र बोलू नका. खरं म्हणजे डबाच पाठवतो. हे मी तुमच्या बहिणीला सांगितलेलं नाही. मांजर गेलं तर तिला काही वाटणार नाही, मला वाटेल. तुम्ही समजून घ्याल.

ता. क. दुसरा – शकूनं खांद्यावरून वाचलं. तिला वाचायला मीच शिकवलं, आता कोणाला दोष देऊ. ती म्हणते, ‘‘माह्या भावाले शाळेत उतरवता? मंग मलेबी तिथीच पाठवा. मांजर अन् तुमी राहा, कविता म्हनत.’’ तिनं पिशवी भरायला घेतली आहे. तरी मी विनंती मागं घेत नाही, मात्र तिनं पिशवीत लुगडं टाकलं तर विचार करीन. सध्या नुसता पंखा आणि पानाचा डबा टाकला आहे.

ता. क. तिसरा – लुगडं टाकलं. आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकापासून कोणीतरी गळा काढला. आपल्याकडं मयताच्या घरी येणारं सोयरं गल्लीपासूनच रडत येतं, तसा. मी म्हटलं, अरे कोणाकडं काय झालं? आवाज जवळ येत गेला. बायनाबाईच्या कोंबड्या कौलांवर गेल्या. शब्द ऐकू आले: ‘‘अरे माह्या भाटव्याऽऽ! मले न सांगताच गेला रेऽऽ!’’ भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, आणि या गल्लीत तुमच्या बहिणीचा नवरा मी एकटाच आहे. बायनाबाईची लेक पोंभुर्ण्यालाच दिली आहे आणि आमच्या घरात कोणी गेलं असं बायनाबाई तिथं सांगेल, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं.

मुखरूभाऊ, तुम्ही या घडीला फाटकाशी उभे आहात. शकू तुम्हाला सांगून राह्यली, ‘‘जित्ते आहेत, आत बसून तुमालेच पत्र लिहून राह्यले,’’ आणि तुम्ही रडणं आवरून आणखी मोठ्यानं कारण विचारून राह्यले, ‘‘काऊन?’’ सुतळी तुटली. एक कौल खाली आलं. आणि ढोलीखालून ओवी निघाली. पळत नाही, चालत. शेपटी उभी, आळस देत, मिल सुरू झाल्यावर कामाला निघावं तशी. माझ्या पाटावरून, माझ्या पायावरून, माझ्याकडं न पाहता गेली. उंबरठ्यात जाऊन बसली. तुम्ही पुन्हा ओरडलात, ‘‘मास्तर, जित्ते आहा का?’’

मी तोंड उघडायच्या आत तिनं ओ दिली.

भाऊ, शाळेत उतरायचं राहू द्या. शकूनं लुगडं पिशवीतून काढलं आहे. पाय धुऊन आत या, आणि येताना बोलत या.