आठच्या प्रयोगातला आवाज

मी ऑरिन हॅस्कल, वय अडुसष्ट, धंदा नट (आधी रेडिओ, मग सिनेमा, शेवटी टेलिव्हिजन), राहणार वॅन नाइस, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे, कारण पहिले माझ्या जावयाबरोबर गोल्फ खेळतात. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बँकेतली शिल्लक माझी मुलगी लोरेन हिला. तिचा नवरा ड्वाइट याला काही नाही. गेल्या ईस्टरला तो माझी बैठकीची खोली पावलांनी मोजत होता. हटकले तर म्हणाला, "पाय मोकळे करतोय, बाबा." पाय मोकळे करताना कोणी आकडे पुटपुटत नाही.

२. काळा ओव्हरकोट चर्चला दान. अकरा सिनेमांत मी पहिल्या वीस मिनिटांत मेलो, त्यांपैकी सात वेळा याच कोटात. खिसे तपासत बसू नये, मी तपासले आहेत.

३. घर माझा जुना सोबती एमेट ड्रुरी यास. मागच्या चारही मृत्युपत्रांत याला एक अट होती: १९४९ च्या त्या मंगळवारबद्दल त्याने मरेपर्यंत तोंड उघडू नये. वकिलाने विचारले, "कोणता मंगळवार?" मी वकील बदलला.

आता मीच सांगतो. तेव्हा रेडिओवर एकच नाटक दोनदा करावे लागे. पाच वाजता पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठी (त्यांच्या घड्याळात तेव्हा आठ वाजलेले असत), आठ वाजता आमच्या पश्चिमेसाठी. मधले तीन तास आम्ही नटमंडळी समोरच्या बारमध्ये काढत असू. त्या मंगळवारी मला उभेही राहवेना. नाटकात मी गुप्तहेर होतो. एमेट हवालदार, बटलर आणि कुत्रा. आठच्या प्रयोगात त्याने ही तिन्ही कामे सांभाळून गुप्तहेरही केला, हुबेहूब माझ्या आवाजात. ज्या साबणवाल्या शेठच्या पैशावर नाटक चाले, त्याने तो प्रयोग पॅसाडीनाला घरी बसून ऐकला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "हॅस्कल, काल तुम्ही कमाल केलीत! टेलिव्हिजनवरही गुप्तहेर तुम्हीच."

मी आभार मानले. पुढे नऊ वर्षे मी टेलिव्हिजनवर गुप्तहेर होतो आणि एमेट भुंकत राहिला.

तेव्हापासून मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे. पार्टीत तो कोणाच्या कानाशी लागला की मी उठून तिथे जाऊन उभा राही. दर गुरुवारी तो माझ्यासाठी मटाराचे सूप आणतो. पहिला चमचा मी त्यालाच घ्यायला लावतो. काही हेतू नसताना कोण कशाला इतकी वर्षे सूप आणील?

गेल्या गुरुवारी मी सरळच विचारले, "खरं सांग एमेट, कुणाकुणाला सांगितलंस?"

त्याने चमचा खाली ठेवला. "कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही, ती जाईपर्यंत. बावीस वर्षं तू हेच विचारतोयस, ऑरिन. 'कसं काय जमलं रे तुला?' असं एकदाही विचारलं नाहीस."

"कसं जमलं?"

"ते नाही सांगता येत. पण आयुष्यात तेवढं एकच मनासारखं जमलं बघ. आणि नेमकं तेच कुणाला सांगायची सोय नव्हती."

मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

म्हणून ती अट रद्द. घर एमेटचे, बिनशर्त. हा कागद मी जिवंत असेपर्यंत त्याला दाखवू नये. तो मला खोडायला लावील.

४. माझ्या अंत्यविधीला लोक माझी जुनी ध्वनिमुद्रणे लावू पाहतील. त्यांतले एकही लावू नये. माझ्या पलंगाखाली, गादीच्या फळीला बांधलेली एक तबकडी आहे. तिच्यावर त्या मंगळवारचा आठचा प्रयोग आहे. दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणून मी ती लपवली आणि भीतीपोटी स्वतःही कधी ऐकली नाही. ती पूर्ण लावावी. एमेटला पुढच्या रांगेत बसवावे. लोक डोळे पुसू लागले की लोरेनने उभे राहून सांगावे, "हा आवाज माझ्या वडिलांचा नाही. ज्यांचा आहे, ते इथे बसले आहेत."

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर, एकमेकांसमोर आणि माझ्याच पेनने सह्या केल्या.

(सही) ऑरिन हॅस्कल

साक्षीदार: हेडा कोल्ब, शेजारीण
साक्षीदार: वॉल्टर इशिदा, औषध दुकानदार

वॅन नाइस, ९ ऑक्टोबर १९७१