तीन कळा एकदम

रत्नागिरी,
दि. १४ मे २०२५

चि. भार्गवी हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुमच्याकडेही असेल. पत्र हाताने न लिहिता टंकून पाठवतो आहे. तू धाडलेल्या लॅपटॉपची परीक्षा घेणे, एवढाच त्यामागचा हेतू. आंब्याची पेटी पोचली असेल. तिच्यावरचा पत्ता शेजारच्या आत्मारामने घातला. त्याचे अक्षर बरे आहे, म्हणून.

आता तक्रार. जुन्या संगणकावर एफ-नऊ ही एकच कळ दाबली की माझे तर्कशास्त्राचे पुस्तक लिहायला उघडत असे. नव्यावर तीच कळ दाबली की पडदा उजळतो. उजेड मी मागितला नव्हता. त्यावर तू पुण्याहून माझ्या यंत्रात शिरून कंट्रोल, शिफ्ट आणि एल असा शॉर्टकट बांधलास आणि "बाबा, झालं!" म्हणून फोन ठेवलास. झाले नव्हते.

पहिला दोष माझा. पडद्यावर विखुरलेली फायलींची चित्रे मी 'संकीर्ण' नावाच्या फोल्डरात नीट लावून ठेवली होती. चित्र पडद्यावरून हलले की शॉर्टकट मरतो, हे शोधण्यात एक सकाळ गेली. नीटनेटकेपणाची अशी शिक्षा देणारे यंत्र कोणी घडवले कोण जाणे.

पुस्तकाचे चित्र परत जागेवर आणले. आत्मारामने कळा दाबल्या, पुस्तक उघडले. मी दाबल्या, उघडले नाही. यंत्र तेच, कळा त्याच, बदलला तो केवळ दाबणारा. असल्या उदाहरणावरून कारण कसे ठरवावे, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. तरीही दोष मी यंत्रातच शोधत राहिलो. आत्मारामला म्हटले, तीन कळा एकदम दाबायला सांगणारा लिहिणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे आहेत असे गृहीत धरतो. एका हातात पुस्तक असेल, चहाचा कप असेल!

"अहो सर, पुस्तक टेबलावर, कप मोरीत. हात कुठाय तुमचा?"

मी शिफ्ट तरी चालते का, हे पाहायला ती कळ लागोपाठ दाबली, तर यंत्रच विचारू लागले: कळा एकदम न दाबता एकामागून एक दाबण्याची सोय हवी का? मी 'नाही' दाबले. पुन्हा विचारले. पुन्हा 'नाही'.

"यंत्रानं सरळ विचारलंन तुम्हाला," आत्माराम म्हणाला, "आणि तुम्ही त्याच्याशीही खोटं बोलताय. भार्गवीचं तर सोडाच."

शिमग्यापासून उजव्या हाताची बोटे ऐकत नाहीत. डॉक्टरांना दाखवले आहे; व्यायाम सांगितला आहे, तो करतो. तुला कळवले नाही, कारण मागच्या आजारपणात तू बजावले होतेस की पुन्हा काही झाले तर घराला कुलूप आणि मी पुण्यात. हात अधू आहे, हे विधान मला मान्य आहे. त्यावरून माणसाला त्याच्या घरातून उचलावे, हा निष्कर्ष निघत नाही. प्रतिवाद अवश्य कर. फोनवर नको; इथे ये, समोर बस, आणि बोलण्याआधी माझा हात हातात घेऊन पाहा.

आज सकाळी मी 'होय' दाबले. पुस्तक उघडले.

डाव्या हाताने,
तुझे बाबा