चूल इथं पेटली

२ एप्रिल
कमिटीची मीटिंग. यंदा जयंतीले फक्त डीजे. मी म्हटलं, माझ्या बाबांचं गाणंही होईल. भंडाऱ्याहून इथल्या स्टील प्लांटात वेल्डर म्हणून आले तेव्हा त्यांनी बसवलेलं. चाल जुन्या हिंदी सिनेमाची, शब्द त्यांचे. अध्यक्ष आपल्याच क्वार्टरांच्या लाइनीतला विक्की. "मावशी, चाल तो चोरी की है. अन् इकडं मराठी समजते कोणाले?"
चोरीची म्हणे! चाल ओळखीची होती म्हणून तर बाया पहिल्याच दिवशी संगं गायला लागल्या. तोंडावर सांगितलं त्याले. पाच मिनिटं मिळाली.

५ एप्रिल
डॉ.कडं. थायरॉइडच्या ऑपरेशनपासून एक स्वरतंतू नीट हलत नाही. "बोला, पण गाऊ नका. जोर दिला तर आहे तोही आवाज जाईल."
प्रणालीले सांगितलं नाही. पोरगी घर डोक्यावर घेईल.

७ एप्रिल
बोरसीले सुशीलाकडं गेली. लग्नाआधी बाबांच्या मागं आम्ही दोघी कोरसात. आता तिचे गुडघे गेले. "मले शब्द नाही आठवत व." मी म्हटलं, 'चूल इथं पेटली, धूर गावाकडं गेला...' पुढची ओळ तिच्याच तोंडून आली. मग रडली. मग म्हणते, "स्टेजवर नाही येत मी, बापा."

१० एप्रिल
दवाखान्याचा फोन प्रणालीनं उचलला. झालं.
"मम्मी, मना किया है ना? मोबाइल में रेकॉर्ड कर दे, वही बजा देंगे."
"रेकॉर्डिंग लोकं ऐकतात. त्याच्यासंगं गात नाहीत."
तिनं मोबाइल बाजूले ठेवला. मग, "तो मुझे भी सिखा. साथ में गाऊँगी."
शिकवून राहिली. पोरीचा सूर पक्का, मराठी कच्ची.

१४ एप्रिल
थकली, पण आजच लिहिते. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्यात वर चढताना आवाज फाटला, मग नुसती हवा. प्रणाली घाबरून थांबली. तेवढ्यात मागून, खुर्चीत बसल्या बसल्या, सुशीला गाऊन राहिली! आली होती, सांगितलं नाही मले. मग तिच्या बाजूच्या बाया. प्रणालीनं पुन्हा धरलं. पोट्ट्यांले शब्द नाही, चाल येते. टाळ्या देऊन राहिले. पाच मिनिटं कधीचीच संपली होती. विक्कीनं डीजेवाल्याले हातानंच थांबवून ठेवलं.

१७ एप्रिल
आवाज नाही. कुजबुजही नाही. डॉ. म्हणतात वाट पाहा, येईल की नाही सांगता येत नाही. पस्तावा? नाही. भीती आहे. पण पस्तावा नाही.
सकाळी प्रणाली भांडी घासता घासता तिसरं कडवं म्हणून राहिली होती. 'माती'च्या जागी 'मिट्टी'. मी चमच्यानं ताट वाजवलं. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा मिट्टी.
पुन्हा वाजवलं.